कार्बन, कॉस्टिक सोडा आणि मी

सोमवार, ५
शाळेच्या चढावर स्कूटर आज पुन्हा दमली. दोघांना ओढेना, म्हणून ही उतरून चालत गेली. मी स्कूटरवरून तिच्या मागोमाग पोचलो. फार अंतर नव्हतं. मुख्याध्यापिका झाल्यापासून हिची पर्स जड झाली आहे, पण ते मी बोललो नाही. संसारात काही गोष्टी गिळाव्या लागतात.

निदान मीच केलं. सायलेन्सर चोंदलाय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याचा कार्बन आत साचतो. बाबा म्हणाले, तू ऑइल घालतोस की आंघोळ घालतोस? स्कूटर मूळची त्यांची, म्हणून जीव तुटतो.

शुक्रवारी हिच्या शाळेत इन्स्पेक्शन. तोवर स्कूटर टकाटक करून हिला चढावरून ऐटीत नेणार. तसं सांगितलं. मी बसने जाईन, म्हणाली. मला त्रास नको म्हणून किती जपते.

मंगळवार, ६
हाफ डे टाकला. सायलेन्सर दोन नटांवर होता. एक निघाला, एक तुटला. म्हणजे लावताना एकच लावायचा. काम निम्मं झालं.

संध्याकाळी
कॉस्टिक सोडा आणला. बाथरूमच्या बादलीत सायलेन्सर भिजत घातला. ही म्हणाली, उद्या आंघोळ कशात करायची? शाळा चालवते, पण दृष्टी बादलीपुरतीच.

बुधवार, ७
सगळे पारोसे. बाबा खांद्यावर टॉवेल टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले. मुद्दाम मोठ्या रस्त्याने, वळसा घालून.

सायलेन्सरचा बाहेरचा रंग साफ निघाला. कार्बन जिथल्या तिथे. म्हणजे सोडा अस्सल आहे, फक्त चुकीच्या बाजूने लागला.

दुपारी
आता जाळणे. अंगणात विटांवर सायलेन्सर आडवा ठेवला, तोंडात रॉकेलचे बोळे कोंबले आणि पेटवले. धूर उत्तम. शेजारच्या वहिनींच्या चादरी वाळत होत्या. वहिनी बरंच बोलल्या. मी शांतपणे सांगितलं की आतला कार्बन बाहेर पडतोय, ही चांगली गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, माझ्या चादरींवर पडतोय. लोक विज्ञान फार मनाला लावून घेतात.

चादरी हिने धुतल्या. त्या वेळी मी कामात होतो.

गुरुवार, ८
सळईने टोकरलं. भसाभस काजळी पडली. मग पत्र्याचे गंजके तुकडे, भोकंबिकं असलेले. इतक्या वर्षांचा अडथळा एकदाचा निघाला. आता आरपार दिसतं. एका टोकाने बाबांनी डोळा लावला, दुसऱ्या टोकाला मी. बाबा म्हणाले, अरे, आवाज अडवणारं पोटच काढलंस की त्याचं. जुन्या माणसांना मोकळेपणा मानवत नाही.

एक नट आणि थोडी तार, एवढ्यावर बसवला. किक मारली. आवाज दमदार. गल्लीतली कुत्री पसार झाली, बाबाही आत गेले.

हिला म्हटलं, उद्या तयार राहा. ती म्हणाली, तुमच्या पाया पडते, उद्या शाळेकडे फिरकू नका. टेन्शनमध्ये माणूस काहीही बोलतो.

शुक्रवार, ९
हेल्मेट घालून दारात उभा राहिलो. ही पहिल्या बसने केव्हाच गेलेली. म्हटलं, निदान डोळ्यांनी बघू तरी दे तिला.

स्कूटर चढ असा चढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराने. माथ्यावर नट गळला, तार सुटली आणि सायलेन्सर रस्त्यावर पडला. पण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झाली असती याची काय खात्री? तसाच शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. खिडकी-खिडकीत पोरं लटकली. इन्स्पेक्टर साहेब कानांवर हात ठेवून व्हरांड्यात आले. शेजारी ही. मी हात हलवला. हिने शिपायाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो पळत येऊन म्हणाला, बाई म्हणतात, आमच्याकडे स्कूटर दुरुस्तीचं काही काम नाही, पुढे जा.

संध्याकाळी
इन्स्पेक्शन छान झालं म्हणे. फक्त एक शेरा आला : शाळेजवळून अवजड वाहनं जातात, बंदोबस्त करावा.

परतताना बंद पडली, त्यामुळे स्कूटर चढावरच आहे. सायलेन्सर कोणीतरी उचलून नेला. सोमवारपासून मीही बसने जाणार. हिने हरकत घेतली नाही. बस तीच चालेल म्हणाली, स्टॉप मात्र वेगळा धरा.