खांदशेकणी

बाबा, उद्या पोळा. शेजारच्या गोठ्यात बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकताहेत. तो वास माझ्या खिडकीपर्यंत आलाय आणि माझं डोकं फिरलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर पोळ्याला फिरतं.

आणीबाणी उठली त्या साली लकव्याने तुमची डावी बाजू गेली. आई आधीच गेलेली, दादा वर्ध्याला नोकरीत, म्हणजे उरले मी. तुम्हाला उठवायचं, कुशीवर वळवायचं, धुवायचं, पुसायचं, पुन्हा उठवायचं. तुला जमेल का, असं मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पाहुणे मोसंबी घेऊन यायचे, तुमच्या उशाशी बसायचे, "पोरगी गुणाची आहे" म्हणायचे आणि माझ्या हातचा चहा पिऊन निघायचे. गुणाची! अजून चीड येते मला त्या शब्दाची.

एकदाच कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. आर्वीच्या दवाखान्यातली नर्सबाई तुमच्या पाठीची जखम धुवायला यायची. तिने एके दिवशी माझाच हात धरला. "तुया खांदा सुजून राह्यला वं पोरी. हात वर कर." झाला नाही. ती तुमच्याकडे वळली. "काकाजी, दोन महिने लेकाकडं जा. हिले आराम नाई भेटला तर हात कामातून जाईन."

आणि तुम्ही काय म्हणालात? "तिले काय होते? लेकाच्या संसारात काऊन अडचण करू? पोरगी आहे नं घरी."

नर्सबाईने पिशवी आवरली. मी चहा टाकायला आत गेले.

त्याच आठवड्यात पोळा आला. आदल्या दिवशी तुम्ही बाज दारापर्यंत ओढायला लावलीत, ओढली मीच, आणि आपल्या बैलांचे खांदेही माझ्याकडूनच शेकून घेतलेत. पळसाचं पान कोमट तुपात बुडवायचं, अलगद फिरवायचं. "हळू. वर्षभर जू वाह्यलं त्याईनं. त्याचा डावा दुखते, तिथं अजून लाव." तुमचा आवाज कापत होता, डोळे भरले होते. बैलाचा कुठला खांदा दुखतो ते तुम्हाला बाजेवरून दिसत होतं, बाबा!

माझा हात आजही वर जात नाही. वेणी घालायला शेजारीण येते.

हे पत्र कुठे टाकणार? पेटीत ठेवते. पण एक सांगते. त्या संध्याकाळी वाटीत थोडं तूप उरलं होतं. ती वाटी घेऊन मी तुमच्या बाजेवर, तुमच्याकडे पाठ करून बसले होते. तुमचा उजवा हात चांगला होता. तुम्ही म्हणालात, "वाटी झाकून ठेव, मुंग्या लागतीन."

तरी मी बराच वेळ तशीच बसून राहिले.