एक सलग मिनिट

३ मार्च

यंत्र पुन्हा अकराव्या सेकंदाला बसलं! तेलातली ठिणगी पहिले दहा सेकंद शहाण्यासारखी वागते, मग अंगात आल्यासारखी – कधी वेळेआधीच, कधी अर्ध्या जोराने. साहेब म्हणाले, "मॅडम, समितीला सलग एक मिनिट हवंय. दहा सेकंदांचं कौतुक घरी सांगा." घरी कोण ऐकतंय!

समिती पंचवीसला येणार. मिनिट झालं नाही तर आमचं काम बंद आणि जागा शेजारच्या गटाला. त्यांचं यंत्रही सूक्ष्मलहरींचंच (मायक्रोवेव्ह), पण ते एकच सूर जोरात लावून धरतं. आमचं म्हणजे स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी कोसळावी तसं – सगळे सूर एका झटक्यात. दवाखान्यातली यंत्रं, लिफ्ट, गाड्या बाहेरच्या लहरींपुढे किती टिकतात हे तपासायचं तर फळीच कोसळायला हवी. कुठल्या सुराने काय बिघडेल, हे आधी कुणाला ठाऊक असतं?

मी हे बंद होऊ देणार नाही.

५ मार्च

जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी. जेवणाचा डबा तसाच परत आणला होता. उपाशी राहिल्यावर दुसरं काय होणार!

६ मार्च

थोरले आले होते. हे यंत्र पहिल्यांदा उभं केलं ते त्यांनी, मला शिकवलं त्यांनी, आता निवृत्त. फाटकापाशी मी नेहमीप्रमाणे बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे केला. आत येणाऱ्याने फोन, घड्याळ, सगळं त्यात काढून ठेवायचं. एका पाहुण्याचं कानातलं यंत्र जळलं, तेव्हापासून हा माझाच नियम. थोरल्यांनी फोन टाकला, घड्याळ टाकलं, मग छातीवर बोट ठेवून हसले. "आणि हे कसं काढू?"

पेसमेकर! मला पत्ताच नव्हता.

"सर, मग आत नाही येता येणार."

"मला?"

"कुणालाच."

पहारेकऱ्याच्या चौकीत एकच खुर्ची. तिच्यावर ते बराच वेळ फाटकाकडे बघत बसले. निघताना म्हणाले, "आवाज अजून तसाच येतो का गं?"

नियम म्हणजे नियम. घरी येऊन थोडं रडले.

१० मार्च

मास्तर म्हणतात पंपाचा जोर वाढवा. (मास्तर म्हणजे आमचे फिटर. दिसेल त्याला शिकवत सुटतात, म्हणून मास्तर.) वाढवला. सातव्या सेकंदालाच बसलं! "आता?" "आता कमी करा." माझं डोकंच फिरलं.

१४ मार्च

सापडलं!

प्रत्येक ठिणगी तेलात बुडबुडे सोडते. पुढची ठिणगी पडायच्या आत ते दोन पितळी गोळ्यांच्या मधून हलले पाहिजेत, नाहीतर वीज त्यांच्यातूनच वेळेआधी उडी मारते. हे आम्हाला तोंडपाठ आहे. म्हणून तर पंप! मग हलत का नाहीत? मास्तरांकडून त्याच मापाचा पारदर्शक खोका करून घेतला. तेलाऐवजी पाणी, बुडबुड्यांऐवजी चहाचा चोथा. पंप सुरू – आणि चोथा गोळ्यांच्या मधून सुटतो, मागे गिरकी घेतो, पुन्हा तिथेच हजर! जोर वाढवला की गिरकीही मोठी. इतके महिने आम्ही बुडबुड्यांना हाकलत नव्हतो, फिरवून परत आणत होतो!

मास्तरांना म्हटलं, "ढकलायचं नाही. गोळ्याला भोक पाडायचं आणि आतून ओढून घ्यायचं."

"म्हणणाऱ्या तुम्ही, भोक पाडणारा मी. सोपंय की!"

१५ मार्च

नवरा : "जेवण ताटात आहे. तू कुठे आहेस?" मी : "तेलात." हसला नाही. म्हणाला, "चेहरा बघ आरशात. पांढराफटक झालीस. डॉक्टरांकडे जाऊन ये."

"मिनिट झालं की जाते. शब्द देते."

१९ मार्च

एका गोळ्याचं भोक तिरकं गेलं. मास्तर स्वतःलाच जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुन्हा करणार.

२२ मार्च

चाळीस सेकंद!!

२५ मार्च

समिती आली. फोन, घड्याळं डब्यात. एकाने तर दोन-दोन फोन काढले आणि वर विचारलं, "मॅडम, बिस्किटं कधी?" हसायचं त्राण नव्हतं मला.

सगळे लहरी अडवणाऱ्या पत्र्याच्या खोलीत. सुरू. तो करकर आवाज, एकसारखा – कापड फाडत राहावं तसा. दहा गेले. अकरावा गेला! चाळिसाच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. पन्नासला साहेबांनी माझा खांदा घट्ट धरला. साठ! मी बटणाला हात लावला नाही. सत्तर झाल्यावर लावला. मास्तर डोळे पुसत होते, म्हणे तेल उडालं!

आणखी दोन वर्षं मिळाली. आता सेकंदाला शंभर ठिणग्या आहेत, पाचशे करायच्या. लहरी बाहेर सोडणारा कर्णा गळ्यापाशी तापतो, तोही नव्याने घडवायचा. माझ्या डोक्यात सगळं तयार आहे.

संध्याकाळी थोरल्यांना फोन केला. "आवाज ऐकवता आला नाही सर, फोन डब्यात होता." म्हणाले, "मग तू काढून दाखव." काढला, तोंडाने! नवरा बघतच राहिला. मग म्हणाला, "मिनिट झालं ना? उद्या डॉक्टर." जाणार. शब्द दिलाय.

२८ मार्च

परवा डॉक्टरांनी छातीला ठोके नोंदवायच्या तारा लावून घरी पाठवलं होतं. आज आलेख पाहिला. अंधारी उपाशीपणाची नाही, हृदयाचा ठोकाच मधेमधे गळतोय. पुढच्या आठवड्यात पेसमेकर बसवायचा. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

पहारेकऱ्याला सांगायला हवं – चौकीत आणखी एक खुर्ची टाक.