रुंद पानाचा वाण

९ मार्च
मोताळ्याच्या बाजारातून चिनी गुलाबाचं बी आणलं. राईहून बारीक. फाटकाजवळ वाफा केला, शेणखत चाळून घातलं. मोबाइलवर काहीही पाहिलं नाही. पाहून काय, कोणीही बाग करतो. विहारात सांगून टाकलं : यंदा बुद्धपौर्णिमेला फुलं माझ्या वाफ्यातली.

६ एप्रिल
दोन प्रकारची रोपं. एक रुंद, गुबगुबीत पानाचं, दणकट. दुसरं सुईसारख्या पानाचं, मरतुकडं. अर्थात तण. उपटून मोरीकडे फेकलं. सारिका (बायको आहे म्हणून ऐकून घेतो) म्हणाली, अवो, हे रुंद पान मले वळखीचं दिसून राह्यलं. सांगितलं, उच्च वाण सगळ्यांनाच ओळखीचा वाटतो.
ठराव : घरात बागेवर चर्चा बंद.

८ एप्रिल
सारिकानं ते तण फुटक्या घमेल्यात खोचून न्हाणीच्या टिनाच्या छपरावर ठेवलं. तिला काहीच फेकवत नाही. जुने चार्जरसुद्धा आहेत.

२० एप्रिल
वाफा भरगच्च. शेजारचे सईदभाई कुंपणावरून म्हणे, भाऊ, याले तुरीच्या डाळीत टाकता का मुगाच्या? हसलो नाही. अज्ञानावर हसू नये.

२ मे
पहिलं फूल! पिवळं. मुंगीएवढं. सुरुवातीला असंच असणार. विहारातून धम्मरत्नचा फोन : काका, फुलं नक्की ना? मी म्हटलं, टोपल्या तयार ठेव.

११ मे
टोपल्या तयार आहेत. फुलं नाहीत. झेंडू आणून वाफ्यात खोचावा असा विचार आला. केलं नाही. दुकान बंद होतं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
सकाळी ऊन चढलं तसं टिनावरचं घमेलं उमललं. गुलाबी, केशरी, पांढरी, एकेक फूल रुपयाएवढं. सारिकानं अख्खं घमेलंच डोक्यावर घेतलं. मी मागे, रिकाम्या टोपल्या घेऊन. विहारात बायांनी विचारलं, कोणाचा हात वो? ती म्हणाली, यायचाच. यायनंच उपटून फेकलं होतं.
माझा वाफाही वाया गेला नाही. तिनं पहाटेच खुडला होता. भोजनदानात घोळाची भाजी, मुगाची डाळ घालून. सईदभाईंनी दोनदा घेतली. वर मलाच विचारलं, भाऊ, वाण कोणता?
सांगितलं, रुंद पानाचा. उच्च.