सोळा नमुने आणि बाकीचा माल

६ नोव्हेंबर
ऑर्डर पक्की! इलेक्ट्रिक स्कूटरच्या तीन हजार बॅटऱ्या, थेट चिलीला. आजवर आपला माल शेन्झेनच्या वेशीबाहेर गेला नव्हता. बोट १२ जानेवारीची. ती चुकली तर कामगार नववर्षाच्या वसंतोत्सवाला गावी पळणार आणि चिलीवाला दुसरं दुकान बघणार. चुकणार नाही. संकल्प : सिगारेट बंद, आरडाओरडा बंद.

७ नोव्हेंबर
जहाजवाल्यांना म्हणे आधी तपासणीचा अहवाल हवा. बॅटरी विरळ हवेत ठेवणार, तापवणार, गोठवणार, गदागदा हलवणार, शॉर्ट करणार. एकूण आठ परीक्षा. मी शाळेतसुद्धा एवढ्या दिल्या नाहीत. प्रयोगशाळेला सोळा नमुने पाहिजेत. कोंग मिस्त्रींना सांगितलं, सोळा खास बनवा : भारी सेल, जाड पत्रा, डबल रबर. मिस्त्री अकरा वर्षं माझ्याकडे आहेत, तोंडाने फटकळ. म्हणाले, आणि तीन हजारांत काय घालायचं? म्हटलं, नेहमीचंच. म्हणाले, मग परीक्षा कोणाची चाललीय, मालक?
आरडाओरडा केला. संकल्प उद्यापासून.
यात फसवणूक कसली? पाहुणे आले की आपण चांगला चहा काढतोच ना. इथे सगळेच काढतात.

३० डिसेंबर
पास! आठच्या आठ! अहवाल फ्रेम करून दारात लावला. बायको रुइयिंग म्हणाली, मिस्त्रींचा चेहरा का पडलाय? मत्सर, दुसरं काय.

८ जानेवारी, दुपार
शिपिंग एजन्सीच्या लुओबाई आल्या. एक खोकं फोडून आमची बॅटरी काट्यावर ठेवली. अहवालात चार किलो सहाशे. काट्यावर तीन किलो नऊशे. बाईंनी विचारलं, बॅटरी काय सुकट आहे का, वाळून वजन उतरायला? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माल अडवला.

९ जानेवारी
उपाय सापडला. प्रत्येक बॅटरीत सातशे ग्रॅमचा लोखंडी तुकडा. मिस्त्री म्हणाले, लोखंडानं वजन भरेल, आग थांबणार नाही, आणि माझ्या हातून हे होणार नाही. एप्रन काढून ठेवला आणि गावी निघून गेले. जाऊ दे. स्वतः बसलो. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. सिगारेटी चौदा.

१० जानेवारी
अहवालात आतले फोटोही असतात म्हणे, म्हणजे लोखंड लगेच पकडलं जाणार. हे आधी कोणी सांगायचं? लुओबाईंनी सुचवलं, निदान नेहमीच्या मालातली एक बॅटरी प्रयोगशाळेत नुसती तपासून घ्या. म्हटलं, खुशाल. माझा माल आहे, मला ठाऊक आहे.

११ जानेवारी
प्रयोगशाळेने व्हिडिओ पाठवला. शॉर्ट केल्यावर एकोणीस सेकंद काही नाही. (हे कोणी लक्षात घेत नाही.) विसाव्याला धूर. मग ज्वाळा, चांगल्या कमरेइतक्या. खाली लिहिलं होतं, पुढच्या परीक्षांची गरज वाटत नाही.

१२ जानेवारी
बोट गेली. चिलीवाल्याने फार नम्रपणे ऑर्डर रद्द केली. चूक कोणाची याची यादी केली : लुओबाई, काटा, मिस्त्री, चिली.

संध्याकाळी रुइयिंगने व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. मग शांतपणे विचारलं, माझ्या स्कूटरमध्ये कुठली आहे, सोळांतली की बाकीची? म्हटलं, वेडी का तू, घरच्या माणसांना मी...

ती बॅटरी बैठकीत चार्जिंगला लावलेली होती, नातीच्या पाळण्यापासून दोन हातांवर. वायर काढली, उचलली. आमच्या लिफ्टमध्ये बॅटरी न्यायला बंदी आहे, म्हणून सतराव्या मजल्यावरून जिन्याने निघालो. बाराव्या मजल्यावर चौ आजी दारातच भेटल्या. म्हणाल्या, तुमच्याच कारखान्याची ना? आमच्या पोरानेही तीच बसवलीय, तुमच्या भरवशावर.

मी म्हटलं, छान.

दोन मजले उतरलो. मग परत वर गेलो आणि त्यांचीही मागून घेतली. सांगितलं, नवीन वर्षाची सर्व्हिसिंग आहे, फुकट.