झिजल्या तोंडाची अन्नपूर्णा

बारामती,
ता. ५ नोव्हेंबर १९३४

चि. सौ. रंगूस थोरल्या द्वारकाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा यांचे पुण्याचे स्नेही बापूसाहेब आले होते. त्यांना जुन्या मूर्तींचा नाद. आईने लग्नात दिलेली माझी अन्नपूर्णा मी तोऱ्यात पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि नवी आहे म्हणाले. दोन अर्धे जोडून केलेल्या साच्यातली, कानामागून सांध्याची रेघ जाते, पाठ सपाट. पूर्वी मेणाच्या मूर्तीवर माती लिंपून मेण वितळवत आणि पोकळीत धातू ओतत. साचा फोडावा लागे, म्हणून तशी दुसरी होत नसे. अशा जुनीच्या मांडीवर आडवी पळी, पाठीवर वेणीचे पेड कोरलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या हात फिरून झिजलेलं तोंड. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे तुझीच आली.

सोळा वर्षं मी समजत होते, थोरलीला चांगली मिळाली. आईने खरी तुला दिली याचा मला राग आला आहे, आणि हेवाही वाटतो. संक्रांतीला ती घेऊन ये, बापूसाहेबांना पाहायची आहे. लोभ आहेच, आज थोडा कमी आहे एवढंच.

द्वारका

इंदापूर,
ता. १२ नोव्हेंबर

ती. स्व. अक्कास रंगूचा शि. सा. न. वि. वि.

नेहमीसारखं रतनकडून न लिहवता स्वतः लिहिते आहे. लेकीला हे कळायला नको.

तुझी मोठी, नाकीडोळी नीटस. माझीचं नाक कुठं तेही दिसेना. लग्नात मी रुसले तेव्हा आईने कानात सांगितलं, की ही माझ्या आजीची हाय, रडू नगं. मला वाटलं, समजूत काढतेय. तुझ्याकडे हळदीकुंकवाला सगळ्या तुझ्या देव्हाऱ्याचं कौतुक करायच्या आणि मी मनात जळायचे. तीन वर्षांपूर्वी माझी कासाराकडे मोडीत घातली आणि तुझ्याएवढी नवी आणली. तुझं पत्र येताच त्याच्याकडे धावले. तो म्हणाला, ती कवाच आटवली. तुला तोंड दाखवायची लाज वाटते. उरला असेल तेवढा लोभ ठेव.

रंगू

बारामती,
ता. १९ नोव्हेंबर

चि. रंगूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आधी बरं वाटलं. हे तुझ्यापासून लपवत नाही. दिवसभर बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले आणि आईचा अंगठा आठवला, रोज त्या मूर्तीच्या गालावरून गंध पुसणारा. मग रडू आवरेना.

बापूसाहेबांना येऊ नका म्हणून कळवलं आहे. तू मात्र ये, तुझी नवी घेऊन. तिच्याही कानामागून रेघ जाते का, ते दोघी मिळून बघू.

तुझी अक्का