राहेलला प्रभुभोजन नाही

६ मार्च १९५७, बुधवार. सिंदेवाही
राखेचा बुधवार. उपवासकाळ लागला. देवळात माणसं कमी. मोहफुलं पडायला लागलीत, अर्धी मंडळी पहाटेच रानात जाते. राहेल आली नाही. ती गीत उचलते, मग बाकीचे. आज गीतं नुसती ओढत नेली. तिच्या मार्थाला ताप आहे म्हणे.

९ मार्च
मार्थाला देवी निघाल्या. देवीची लस टोचणारा आला तेव्हा आजीने पोरीला कणगीमागे लपवलं होतं. आता तीच आजी दारात लिंबाचा पाला बांधून बसलीय, कोणाला आत सोडत नाही. पाळक म्हणून यांनी अंगणातूनच प्रार्थना केली. राहेलचा नवरा मूल गावाला, भाताच्या गिरणीवर कामाला.

१३ मार्च, बुधवार
मंडळीतले सर्वांत जुने योहानभाऊ, त्यांच्याकडे शास्त्राचा अभ्यास. वचन वाचून होण्याआधीच ते उठून सांगायला लागले. राहेल सासूबरोबर गावदेवी मातामायच्या पारावर गेली, बांगड्या वाहिल्या. "म्या सोताच्या डोळ्यानं पायलं, पाळकसाहेब." पुढे अभ्यास कसला होतो.

१५ मार्च
राहेलकडे गेले. बाहेर आली. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "गेल्ती बाई मी. पोट्टी तळमळत होती. आपल्या प्रभूलेबी सांगूनच गेली. दोघांलेबी हाक मारली. जो येईन तो येईन."
 आतून पोर कण्हत होती.

१७ मार्च, रविवार
योहानभाऊ नि बाकीचे पंच, असं वडीलमंडळ बसलं. ठरलं: ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी राहेलने मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागावी. नाहीतर ईस्टरला तिला प्रभुभोजन नाही, भाकर नाही नि प्याला नाही. हे गप्प बसून होते. घरी विचारलं तर म्हणाले, "योहानभाऊंनी ही मंडळी उभी केली. देऊळसुद्धा त्यांच्या जागेवर आहे. मी काय बोलू?"
नगरकडून इथे आलो तेव्हा हे असे नव्हते.

२७ मार्च
मार्था वाचली. ताप उतरला, खपल्या धरल्या. पण दोन्ही डोळे गेले.
आजी म्हणते मातेने राखलं. योहानभाऊ म्हणतात आपल्या प्रार्थनेने. राहेल म्हणाली, "वाचवलं म्हन्तेत दोघंबी. मंग डोळे कोनं नेले? थे कोनीच सांगत नाई."
घरी येऊन यांना सांगितलं. हे उठून बाहेर गेले.

३ एप्रिल, बुधवार
बायकांचा अभ्यास माझ्याकडे. शिष्य पेत्राने प्रभूला नाकारलं, तरी प्रभूने त्याला जवळ केलं, तो भाग. राहेलचं नाव घेतलं नाही. एवढंच विचारलं, पेत्राला कोणी सगळ्यांपुढे उभं केलं होतं का?  योहानभाऊंच्या बायकोने पुस्तक मिटलं.
संध्याकाळी हे: "मंडळी मोडायची आहे का तुला?"
जेवले नाहीत. उपवास की राग, कळलं नाही. 

१४ एप्रिल
झावळ्यांचा रविवार. शिंदीच्या झावळ्या घेऊन प्रदक्षिणा झाली. मग हे वेदीजवळ थांबले. ती येते का म्हणून सगळे थांबले. योहानभाऊ तर सारखे दाराकडे बघत होते. राग नव्हता तो. राहेलला पहिलं गीत त्यांनीच शिकवलं, लेकीसारखी वाढवली. मला वाटतं, तिने यावं असं सर्वांत जास्त त्यांनाच वाटत होतं.
आली नाही.

१९ एप्रिल
उत्तम शुक्रवार. कौलं तापलेली. बारापासून उपासना. गीत कोणीतरी फार वर धरलं, मध्येच तुटलं. वधस्तंभावर बोलता बोलता हे अचानक थांबले. इतका वेळ, की लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग, "प्रार्थना करू," एवढंच. ती प्रार्थनाही मनातल्या मनात.


२१ एप्रिल
ईस्टर. प्रभुभोजन झालं. मी घेतलं. 
दुपारी हे म्हणाले, "चल." हातात पिशवी. तिच्यात भाकर नि प्याला आहे का, विचारायचं धाडस झालं नाही. वाटेत योहानभाऊ आपल्या ओसरीत बसले होते.
"कुठी चालले उन्हाचे?"
"राहेलकडे."
त्यांना न विचारता केलेली यांची ही पहिलीच गोष्ट. भाऊ जागचे हलले नाहीत.
राहेल अंगणात मार्थाला भात चारत होती. पोरीचा हात धरून ताटलीत कुठे भात, कुठे वरण ते दाखवत होती. आम्ही दिसलो तशी थांबली. हे पिशवी घेऊन उन्हातच उभे.
मार्थाने मान वळवली. "माय, कोन आलं वो?"
राहेलने यांच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. पोरीने पुन्हा विचारलं.