काव्याची बाराबंदी

नागपूर

बसू, अक्काचा आशीर्वाद घे आणि रागही घे.

मी मुलगी असून शीळ घातली म्हणून आणि तू मुलगा असून रांगोळी काढलीस म्हणून अप्पांचा पट्टा आपण दोघांनी सोसला. ते विसरलास?

माझी तब्येत ठणठणीत आहे, माझ्या भाषणांच्या सभाही गाजतात. पण तुझा फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. आईचा गुडघा कसा आहे?

तुझी लेक काव्या पाच वर्षांची असताना सिद्धेश्वराच्या जत्रेत तूच तिला पोरांसारखी बाराबंदी, तो बारा बंदांचा पांढरा अंगरखा, घालून खांद्यावर मिरवलंस. गल्ली म्हणाली, "लई गोड दिसतीय की!" आज पंधराव्या वर्षी तिनं केस कापले, मुली आवडतात हे विश्वासानं तुलाच सांगितलं, आणि तू तिला 'बरं' करायला डॉक्टरकडे नेणार? तिला आजार नाही. तिला तुझी भीती वाटते.

आजच फोन करून डॉक्टरांची सोमवारची भेट रद्द कर.

तुझी,
महेश्वरी अक्का